दारातलं पातेलं

कॅन्सरला माणसं येतात. मंजुळाने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. स्तनातली गाठ काढली तेव्हा आली. पुढे तो हाडांत आणि लिव्हरमध्ये उतरला, तेव्हा तर रांग लागली. शहाळी आली, डाळिंबं आली, मोसंबी एवढी आली की तिने ती आलेल्यांनाच परत वाटली. कॅन्सर आता घरोघरचा झालाय. कुणाचा मामा, कुणाची आत्या त्यात गेलेली असतेच. त्यामुळे त्याच्यापुढे चेहरा कसा करायचा, डोळ्यांत पाणी कधी आणायचं, हे माणसांना पाठ झालंय.

बुरशीला कोणी येत नाही.

मंजुळा सोनावणे लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आली, ती चाळ पडेपर्यंत तिथेच होती. एक खोली, समोर लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, आणि दार लावायची पद्धत नाही. लावलंच तर लोक विचारायचे, काय गं, भांडण झालं काय? नवरा राजाराम गिरणीत होता. गिरणी गेली, मग वॉचमनकी केली, मग तोही गेला. मंजुळाने हापिसवाल्यांचे डबे करून पोरगा प्रितेशला शिकवला, बँकेत चिकटवला. तिच्या हाताची दोन कामं अख्ख्या बीडीडीला माहीत होती. एक, कैरीचं लोणचं. हंगामाची पहिली कैरी बाजारात दिसली की ती घालायची आणि पॅसेजमधल्या दारादारात बरणी पोचवायची. दुसरं, बुद्ध पौर्णिमेची खीर. विहारातल्या खीरदानाची खीर आधी तिची सासू करायची. सासूचा हात थरथरायला लागला तेव्हा म्हातारीने सगळ्यांसमोर डाव मंजुळाच्या हातात दिला, आणि तेव्हापासून ती खीर मंजुळाचीच.

मग चाळ पडली आणि टॉवर उभा राहिला. माणसं तीच, पण लॉटरीने वेगवेगळ्या मजल्यांवर फेकलेली. घर मोठं, संडास घरात, खिडकीतून पार सी-लिंकपर्यंत दिसतं. मंजुळाला हे सगळं आवडलं होतं, खोटं कशाला बोला. आयुष्यभर संडासाच्या रांगेत डबडं घेऊन उभं राहिलेल्या बाईला चाळीचे उमाळे येत नाहीत. उमाळे येतात ते चाळीत कधी न राहिलेल्यांना. फक्त एकच खटकायचं. इथलं दार आपोआप लागायचं. वर कसलासा लोखंडी दांडा बसवला होता, दार उघडं सोडलं की हळूहळू सरकत येऊन खट्कन बंद व्हायचं.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की समोरचं दार मायाचं आलं. माया चाळीतली तिची शेजारीण. दोघींची बाळंतपणं मागेपुढे, दोघींचे नवरे दारू पिऊन एकाच जिन्यात पडलेले. चिठ्ठी निघाली तेव्हा दोघी गळ्यात गळे घालून रडल्या होत्या.

थंडी संपता संपता मंजुळाला ताप यायला लागला. डोकं असं दुखायचं की भिंतीवर आपटावंसं वाटायचं. खोकला सुरू झाला. परळच्या हॉस्पिटलात स्कॅन केला तर छातीत ठिपके. तिथल्या एका डॉक्टरने प्रितेशला बाजूला नेऊन सांगितलं, पसरलाय, छातीत गेलाय, बहुतेक डोक्यातही गेला असेल. प्रितेशने घरी येऊन भिंतीकडे बघत आईला सांगितलं. टॉवरमध्ये बातमी लिफ्टपेक्षा लवकर चढली. पुन्हा रांग लागली. या खेपेला लोक निरोप घ्यायला येत होते, आणि मंजुळाला ते कळत होतं. नाना कांबळे, राजारामचा दोस्त, विहार कमिटीचा अध्यक्ष, खुर्चीत बसून नुसता हुंदके देत राहिला. शेवटी मंजुळाच म्हणाली, "नाना, मी आहे अजून. चहा घ्या."

माया रात्रंदिवस तिथेच. मंजुळाचं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळायची. त्याच तापात, जरा उतार पडलेल्या एका आठवड्यात, मंजुळाने कैरी आणवली. माया ओरडली, "मरायला टेकलीस आणि लोणचं कसलं घालतेस?"

"मेल्यावर घालता येत नाही म्हणून."

दोघींनी मिळून फोडी केल्या. राजारामच्या जुन्या पांढऱ्या शर्टांची फडकी फाडून बरण्यांच्या तोंडांना बांधली. मायाने घरोघरी पोचवल्या.

मग मंजुळाच्या हातावर आणि हनुवटीखाली फोड उठले. मोत्यासारखे, मधे खळगा पडलेले. एका फोडाचा तुकडा काढून तपासायला दिला, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टर पारकर मॅडम, वयाने प्रितेशपेक्षा लहान, रिपोर्ट घेऊन खाटेवर येऊन बसल्या.

"मावशी, एक चांगली बातमी आहे आणि ती जरा विचित्र आहे. छातीतलं आणि डोक्यातलं कॅन्सर नाही. बुरशी आहे. रक्तातून सगळीकडे फिरलीय. हातावर आलीय तीही तीच."

"बुरशी म्हणजे? पावाला येते ती?"

"त्याच खानदानातली. पण हिच्यावर औषध आहे."

"आणि कॅन्सर?"

"तो हाडांत आणि लिव्हरमध्ये आहेच."

मंजुळाने थोडा विचार केला. "म्हणजे कॅन्सर हा पागडी देऊन बसलेला जुना भाडेकरू. आणि ही पोटभाडेकरू."

पारकर मॅडम हसल्या. "हो. आधी पोटभाडेकरू बाहेर काढू."

ते काढायचं सलाईन भयंकर होतं. अंगात गेलं की दात वाजेपर्यंत थंडी भरायची, खाट हलायची. वॉर्डातल्या बाया म्हणायच्या, हिला सैतानाचं सलाईन लावलंय. पण ताप उतरला, डोकं थांबलं. घरी सोडताना पारकर मॅडमनी प्रितेशला नीट बजावलं. गोळ्या बरेच महिने चालतील. गर्दी नको. कोणी जवळ आलं तर मास्क. आईची भांडी वेगळी, उकळत्या पाण्यात धुवायची. बाहेरचं खाणं नको, कबुतरांच्या जवळ जायचं नाही. प्रितेश बँकेतला माणूस. त्याने सगळं मोबाइलवर टाइप करून घेतलं आणि टॅक्सीत बसल्या बसल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकून दिलं. आईला फंगल इन्फेक्शन झालंय, भांडी वेगळी ठेवतोय, कृपया भेटायला येऊ नये, आलात तर मास्क लावा. जे लिहिलं ते सगळं खरं. कोणाला कोणापासून जपायचंय, तेवढंच लिहायचं राहिलं.

मंजुळा घरी आली ती खुशीत. तिला वाटलं, आता सगळे येतील, आणि आपण सांगू, अरे तो छातीतला नव्हताच, तुम्ही फुकट रडलात. तिने नानाला चिडवायचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं.

कोणी आलं नाही.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, दमलेत बिचारे. मग वाटलं, परीक्षा चालू असतील पोरांच्या. मायाने बेल वाजवली, मंजुळा धरत धरत दारापर्यंत गेली, तर दाराबाहेर चपलांच्या कपाटावर पालेभाजीचा डबा ठेवलेला आणि माया स्वतःच्या दारात उभी. तोंडावर मास्क.

"अगं, आत ये की."

"नको गं. तुलाच त्रास." माया म्हणाली आणि तिचं दार सरकत सरकत खट्कन लागलं.

मंजुळा डबा घेऊन आत आली. सासूने सांगितलेली गोष्ट तिला आठवली. वाईकडच्या गावात वाड्यावर पाणी मागायला गेलं की वाड्यातली बाई उंचावरून ओतायची, आणि खाली ओंजळ धरायची. सासू ते सांगताना दरवेळी ओंजळ करून दाखवायची. मंजुळाने तो विचार झटकून टाकला. माया ती. माया काय वाड्यातली बाई आहे?

प्रितेश पनवेलला, बायको तेजस्वी आणि बाळासोबत. कॅन्सर पसरलाय म्हणाले तेव्हा आई आमच्याकडे चल म्हणून मागे लागला होता. आता फोनवर म्हणाला, "आई, तेजस्वी म्हणते, बाळ लहान आहे, जरा थांबूया. नर्सची सोय करू का?"

"मला नर्स नको. तू बाळाला घेऊन व्हिडिओवर ये."

"येतो ना." तो म्हणाला. व्हिडिओवर येत राहिला. बाळ त्याच्या मागे, बऱ्याच मागे.

खरं काय ते मंजुळाला कचऱ्याने सांगितलं. मजल्यावर जिन्याच्या कोपऱ्यात मोठा निळा डबा असतो, सगळ्यांचा. मंजुळा गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकायला गेली. झाकण उचललं आणि आत तिची बरणी. फडकं बांधलेलं, गाठ तिचीच, ती गाठ ती झोपेतही ओळखेल. खाली आणखी एक बरणी. तिच्याखाली अजून. लोणचं तसंच. वर तेलाचा बोटभर थर, फोडी कडक, बुरशीचा एक ठिपका नाही.

ती तिथेच जिन्यावर बसली. तिला कळलं. कोणाला विचारायची गरजच नव्हती, कारण ही तिचीच विद्या होती. लोणच्याला ओला हात लावू नये, खराब हात लावू नये, बुरशी धरते, हे तिनेच या बायांना शिकवलं होतं. ज्या हाताला बुरशी आली त्याच हाताने लोणचं घातलं. मग? बायांनी बरोबर हिशेब केला. हिशेब चुकीचा होता, पण तिच्याच शाळेतला होता. मागच्या हंगामात कॅन्सर अंगात होता तेव्हाही असंच लोणचं घातलं होतं तिने, तेव्हा सगळ्यांनी बोटं चाटली. कॅन्सर देवाघरून येतो म्हणे. बुरशी मात्र घाणीतून येते. घाण म्हटली की आपल्याही लोकांना लगेच नाक आठवतं. ज्यांना जगाने पिढ्यान् पिढ्या घाण म्हणून लांब ठेवलं, त्यांना.

तिने सगळ्यात वरची बरणी बाहेर काढली. झाकण एका बाजूला चेपलेलं. ही बरणी तिने ओळखली. ती मायाने स्वतः आणून दिली होती, माझं यातच घाल म्हणून.

ती बरणी मंजुळाने घरी आणली, धुतली आणि ओट्यावर ठेवली. मायाला काही बोलली नाही.

पौर्णिमा जवळ आली तसा नाना आला. आत नाही, दारातच. मास्क लावलेला, खाली सरकलेला, नाक उघडं.

"जयभीम वहिनी. तब्येत काय म्हणतेय?"

"तुम्ही विचारलंत, आता बरी म्हणेल. या की आत."

"नाही, घाईत आहे. भंतेजींचं तिकीट काढायचंय." नाना दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होता. "ते... खीरदानाचं सांगायला आलो. यंदा तुम्ही आराम करा. आम्ही दादरच्या एका कॅटरर्सला सांगितलंय."

"कॅटरर्सला."

"पोरांनी ठरवलं. टेबल, युनिफॉर्मवाले वाढपी, सगळं पॅकेज आहे."

"नाना, आराम मला आहेच की. तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलाय. खरं कारण काय ते सांगा."

नानाने मास्क वर ओढला. "वहिनी, माझं काही नाही. मी खाईन तुमच्या हातचं. पण लोकांचं कसं असतं... कोविडमध्ये तो ब्लॅक फंगस आला होता, माणसांचे डोळे काढले. लोक घाबरतात. आणि प्रितेशनेच ग्रुपवर टाकलं ना, भांडी वेगळी म्हणून."

"तुम्ही खाल माझ्या हातचं?"

"म्हणजे काय."

"थांबा, शिरा केलाय. देते."

नाना थांबला. मंजुळा आत गेली, वाटीत शिरा घातला, वर काजू ठेवला. बाहेर आली तर लिफ्टचं दार बंद होत होतं. आतून नानाचा आवाज आला, "फोन आला वहिनी, फोन." मोबाइल त्याच्या हातात होता आणि मोबाइलचा स्क्रीन काळा होता.

पुढच्या तपासणीला मंजुळा एकटीच परळला गेली. टॅक्सीवाल्याने हॉस्पिटलचं नाव ऐकून काच खाली केली. फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहिलेली बाहेरगावची माणसं, दोरीवर वाळणारे रिपोर्टचे लिफाफे, भात शिजवणारी बाई, हे सगळं ओलांडून ती आत गेली आणि पारकर मॅडमसमोर बसल्याबरोबर विचारलं.

"मॅडम, हे माझ्या हातून दुसऱ्याला होतं का?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी विचारते."

"नाही होत. माणसाकडून माणसाला जातच नाही ही. कबुतरांच्या विष्ठेत असते, धुळीत असते. आपण सगळेच श्वासातून घेतो. बाकीच्यांचं शरीर तिला आतच मारून टाकतं. केमोने तुमची ताकद संपली होती, म्हणून तिला तुमच्यात जागा मिळाली."

"मग भांडी वेगळी कशाला? मास्क कशाला?"

"तुमच्यासाठी, मावशी. लोकांच्या खोकल्यापासून, लोकांच्या जंतूंपासून तुम्हाला जपायचंय. तुमच्यापासून लोकांना काही धोका नाही."

मंजुळा हसायला लागली. हसता हसता खोकला लागला. "उलटंच घातलं की सगळ्यांनी. झब्बा मागचा पुढे."

पारकर मॅडमना समजलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या बिल्डिंगमधल्या कोणाचा नंबर द्या. मी बोलते. डॉक्टरने सांगितलं की ऐकतात."

मंजुळाच्या जिभेवर नानाचा नंबर आला होता. तो तिथेच थांबला.

"नको, मॅडम. आमच्या लोकांनी लय वर्षं दुसऱ्यांना पटवण्यात घालवली, की आमचा हात लागला तर काय होत नाही. आता मी माझ्याच लोकांना डॉक्टरचा दाखला दाखवू? ज्यांना मी जेवायला घातलं त्यांना?"

"त्यांना माहीत नाहीये, एवढंच आहे ते."

"हां. वाड्यातल्यांनाही माहीत नव्हतं."

पारकर मॅडमनी रिपोर्ट उलटला. बुरशी हटत होती. केमो मात्र अजून बंदच ठेवायची होती, बुरशी पूर्ण काबूत येईपर्यंत.

"तोवर कॅन्सर थांबतो का?"

त्यांनी खोटं बोलायचा विचार केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्यांनी तो सोडला. "नाही थांबत."

"म्हणजे पुढच्या वर्षीची पौर्णिमा माझी नाही."

"तसं कोणी सांगू शकत नाही."

"तुम्ही सांगितलंत की आत्ताच. बरं केलंत." मंजुळा पदर सावरत उठली. "खीर करू का?"

"करा ना. फक्त गर्दीत जाऊ नका."

येताना टॅक्सी हिंदमाताच्या सिग्नलला अडकली. दरवर्षी पौर्णिमेआधी ती आणि माया इथे येऊन पांढऱ्या साड्या घ्यायच्या. एकसारख्या काठाच्या. दुकानदाराला रडवून भाव पाडायच्या, मग समोर उसाचा रस. आता टॅक्सीच्या काचेतून मंजुळाला माया दिसली. एकटी, हातात दुकानाची पिशवी, रस्ता ओलांडायला उभी. मंजुळाने काच खाली केली. हाक तोंडापर्यंत आली. तेवढ्यात सिग्नल सुटला, आणि मंजुळाला बरं वाटलं सुटला म्हणून. त्याचा तिला जास्त राग आला.

पौर्णिमेला उजाडता उजाडता तिने दूध चुलीवर चढवलं. आता गॅस असतो, पण ती चूलच म्हणायची. मोठं पातेलं उचलेना, म्हणून मधलं घेतलं. तांदूळ आदल्या दिवशी धुऊन वाळवून ठेवले होते, ते तुपावर परतले. दूध आटताना ढवळायचं थांबायचं नसतं, नाहीतर खाली लागतं. तिच्या हाडांतून कळा निघत होत्या. हात बदलत, कधी ओट्याला पोट टेकवून, कधी स्टुलावर बसून तिने ढवळलं. फोड आता सुकले होते, जागी काळपट डाग राहिले होते. गूळ, वेलची, जायफळ. सासू म्हणायची, सुजाताने बुद्धाला खीर दिली तेव्हा बुद्धाने तिला विचारलं नाही, तू कोण, तुझा हात कसला. भुकेल्या माणसाने खाल्ली, बस. आपल्या लेखी धर्म एवढाच.

गर्दीत जाऊ नका असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मंजुळाने ते ऐकलं होतं आणि मोडायचं ठरवलं होतं. जे मागे ढकलायला पुढची पौर्णिमा नाही, ते आजच करायचं असतं.

गेल्या वर्षीची पांढरी साडी नेसून, मास्क लावून, पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती लिफ्टने खाली उतरली. तळमजल्याचा हॉल भरला होता. पांढऱ्याशुभ्र साड्या, पांढरे शर्ट, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, भंतेजी. कॅटरर्सचे युनिफॉर्मवाले टेबलामागे उभे. मंजुळा आत शिरली तसा तिच्याभोवती मोकळा गोल तयार झाला. कोणी धक्का दिला नाही, कोणी काही बोललं नाही. माणसं नुसती सरकली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं अंतर लोकांनी न सांगता पाळलं.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. मंजुळा सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणाली. तेवढा वेळ ती एकटी नव्हती. नंतर लोक उठले आणि ती पुन्हा एकटी झाली.

तिने पातेलं टेबलाच्या टोकाला ठेवलं आणि डाव हातात घेऊन उभी राहिली. नाना धावत आला. "वहिनी, कशाला त्रास घेतलात?"

"त्रास नाही. एक वाटी देऊ?"

"घेतो ना. भंतेजींचं बघून येतो, मग घेतो." तो भंतेजींचं बघायला गेला आणि बघतच राहिला.

रांग कॅटरर्सच्या भांड्यापुढे होती. ती खीर पातळ आणि पिवळी होती, वर चारोळ्या तरंगत होत्या. दोन-तीन बाया मंजुळापुढे आल्या. चांगल्या घरच्या, शिकलेल्या. "काकी, कशा आहात, बरं वाटलं तुम्हाला बघून." वाट्या घेतल्या, हसल्या, बाजूला गेल्या. त्या वाट्या खिडकीच्या कठड्यावर एकापाठोपाठ एक रांगेने ठेवलेल्या मंजुळाला दिसल्या. काठोकाठ भरलेल्या. तोंडावर नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात नव्हती. सगळ्यांत जास्त संताप तिला त्याचाच आला. वाड्यातली बाई निदान तोंडावर ओतायची.

मग माया आली. नवी साडी, निळ्या काठाची. मास्क लावलेला. मंजुळाच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "दे."

मंजुळाने वाटी भरली. "लोणचं कसं झालं होतं गं यंदाचं?"

"झकास." माया म्हणाली. "संपलंसुद्धा."

"तुझी ती चेपलेल्या झाकणाची बरणी आण मग. पुढल्या खेपेला लागेल."

मायाचा हात वाटीवर थांबला. तिने मंजुळाकडे बघितलं. मंजुळाच्या डोळ्यांत काही लपवलेलं नव्हतं. मायाच्या लक्षात आलं, हिला माहीत आहे. तिने मास्क खाली ओढला, चमचा भरला, डोळे घट्ट मिटले आणि तोंडात घातला. लहानपणी एरंडेल पाजायचे तसा. खीर घशाखाली उतरेना. ती तोंडात धरून उभी राहिली, मग तिने ती कशीबशी गिळली. दुसरा चमचा भरला. तिच्या कपाळावर घाम फुटला होता.

"ठेव," मंजुळा म्हणाली.

"खाते ना मी."

"ठेव ती वाटी."

"मंजे, मी खाल्ली ना. बघ, खाल्ली. सगळ्यांसमोर खाल्ली."

"बघितलं मी. माझ्या मयताला आल्यासारखी खाल्लीस." मंजुळाने तिच्या हातातली वाटी काढून घेतली. हळू, सांडू न देता. "माया, मला कोणी भीत भीत खाल्लेली नको. त्यापेक्षा त्या कठड्यावरच्या बऱ्या."

"मला भीती वाटते गं. नातू आहे घरात. मी काय करू?"

ती खरं बोलत होती. एवढ्या दिवसांत मंजुळाशी खरं बोलणारं बिल्डिंगमधलं तेच पहिलं माणूस होतं. म्हणून मंजुळाला तिच्यावर ओरडता आलं नाही. एका वाक्यात मंजुळा तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगू शकली असती, कबुतरं, धूळ, कोणापासून कोणाला धोका. तिने सांगितलं नाही. ज्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून ताप काढला, तिला आपला हात स्वच्छ आहे म्हणून पुरावा द्यायचा? तिला ते जमलं नाही. ही तिची चूक असेल. असू दे.

"काही करू नकोस," ती म्हणाली. "जा, तुझा नातू शोधत असेल."

कठड्यावरच्या वाट्या तिने एकेक करून पातेल्यात परत ओतल्या. हॉल बघत होता. कोणी पुढे झालं नाही, अडवलंही नाही. पातेलं पोटाशी धरून ती लिफ्टपाशी गेली. आत पाच-सहा जण होते. ते म्हणाले, काकी तुम्ही जा, आम्ही मागून येतो. सगळे उतरले आणि अख्खी लिफ्ट तिला एकटीला मिळाली.

वर तिच्या मजल्यावर शांत होतं. सगळी दारं बंद. समोर मायाचंही. तिने कुलूप काढलं आणि आत गेली. दार मागे सरकायला लागलं, हळूहळू, रोजच्यासारखं. खट्कन लागायच्या आधी मंजुळा वळली. तिने खाली वाकून पातेलं दार आणि चौकटीच्या मधे उंबऱ्यावर ठेवलं. दार येऊन पातेल्याला टेकलं आणि तिथेच थांबलं. दांड्याने जरा जोर केला, पातेलं वजनदार होतं, हललं नाही.

तिने ओट्यावरून वाटी आणली. पातेल्यातून डावभर खीर घेतली आणि आत येऊन दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली. पॅसेजमधला ट्यूबलाइटचा उजेड फटीतून तिच्या पायापर्यंत आला होता. खीर चांगली झाली होती. जायफळ नेमकं पडलं होतं. सासू असती तर काही बोलली नसती, आणि म्हातारीचं न बोलणं म्हणजे शाबासकी.

लिफ्ट खालून वर यायला लागली, तिची घरघर ऐकू आली. कुठल्यातरी मजल्यावर थांबली, पुन्हा निघाली. मंजुळा खात राहिली. ज्याला आत यायचं असेल, त्याला ते पातेलं आधी स्वतःच्या हातांनी उचलावं लागणार होतं.